किळस कुणी शिकवली?

तळेऱ्याच्या नाक्यावर एसटीची वाट बघत तुम्ही कितीदा उभे राहिला असाल. एक रस्ता विजयदुर्गाला, एक वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला, आणि मधून मुंबई-गोवा हायवे. आज आपण हायवेने कणकवलीच्या दिशेने जाऊ. कणकवली ओलांडली की वागद्याला गोपुरी आश्रम लागतो. तुमच्यातले बरेचजण सहलीला नाहीतर शिबिराला तिथे जाऊन आलेही असतील. आश्रम उभारणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव माहीत असतं, त्यांना कोकणचे गांधी म्हणतात हेही माहीत असतं. पण त्यांनी जन्मभर केलं काय, हे विचारलं की आपण विषय पटकन उरकतो. कारण विषय संडासाचा आहे.

माणूस वाईट जन्माला येतो की वाईट व्हायला शिकतो, यावर कॉलेजच्या कट्ट्यावर वाद झाला की आपण थेट हिटलरपर्यंत जातो. त्यापेक्षा अप्पासाहेबांकडे बघा. प्रश्न जवळचा होतो.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म 1894चा, रत्नागिरीजवळच्या आगरगुळ्याचा. घर ब्राह्मणाचं. कोणाला शिवायचं, कोणाला नाही, कोणतं काम आपलं, कोणतं त्यांचं, हे त्या काळच्या अशा घरात वेगळं शिकवावं लागत नसे. बघून बघून मूल शिकायचं. पुढे अप्पासाहेब तत्त्वज्ञान शिकले, पुण्यात काही काळ प्राध्यापकीही केली. सगळं नीट चाललं होतं. ते सोडून ते गांधीजींकडे साबरमतीला गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केलाय. 1930 साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यातही ते पुढे होते.

खरी परीक्षा झाली ती तुरुंगात. 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे भंगीकाम जात बघून दिलं जाई. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. सरकार नाही म्हणालं. शिक्षा द्यायला तयार असलेलं सरकार घाण काढायला द्यायला मात्र तयार नव्हतं, कारण कैदी वरच्या जातीचा! मग अप्पासाहेबांनी जेवण कमी करत नेलं. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना हे कळलं आणि डिसेंबर 1932मध्ये त्यांनीही उपास सुरू केला. सरकारनं विचार करू असं आश्वासन दिल्यावर दोन दिवसांनी तो सुटला. एका कैद्याला मैला उचलू द्यायचा की नाही, यावर दोन तुरुंग आणि एक सरकार अडून बसलं होतं.

आता जरा थांबा आणि घरातलं रांगतं बाळ आठवा. हाताला लागेल ते तोंडात घालतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळसेवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या एका प्रयोगात पीनट बटर आणि वास मारणारं चीज मिसळून कुत्र्याच्या विष्ठेसारखा गोळा केला होता. दोन वर्षांखालच्या बऱ्याच मुलांनी तो बिनधास्त तोंडात घातला. म्हणजे घाणीची किळससुद्धा आपण मोठं होता होता येते. ती यायलाच हवी, नाहीतर आपण आजारी पडू. पण घाणीची किळस घाण काढणाऱ्या माणसाला जाऊन चिकटते, ते शरीराचं काम नाही. ते घर शिकवतं, गाव शिकवतं.

आणि शिकलेलं विसरता येतं, फक्त भाषणानं नाही. अप्पासाहेबांनी हातानं काम करून विसरून दाखवलं. 1948 साली गोपुरी सुरू झाली. मेलेल्या जनावरांचं कातडं सोलणं, कातडी कमावणं, ही एका जातीवर लादलेली कामं तिथे ते स्वतः करू लागले. मग त्यांनी त्याच्या पुढचा विचार केला. कोणीतरी मैला उचलावाच लागतो म्हणून कोणीतरी अस्पृश्य ठरतो. मग उचलावाच लागणार नाही असा संडास बांधला तर? गोपुरी संडास त्यातूनच आला. वर माती, पालापाचोळा टाकत जायचं. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यात सोनखत तयार. कोकणातल्या शेतकऱ्याला खतही मिळालं. 1971 साली ते गेले, तोवर हेच चालू होतं.

एका माणसानं सगळं बदललं असं मात्र समजू नका. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध 1993मध्ये कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून 2013मध्ये दुसरा. तरी गटारात उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो.

म्हणून पुढच्या वेळी घरी कचरा न्यायला कोणी आलं, की त्यांच्या चहाचा कप कुठे ठेवलेला असतो ते बघा. तो वेगळा असेल, तर वेगळा का, हे घरात विचारा. आणि घरातलं सगळ्यात लहान मूल तेव्हा कुठे बसून बघतंय, तेही बघा.