पडद्यासमोरचा श्रोता : नौशाद

लखनौ हे अवधच्या नबाबांचे शहर. १८५६ मध्ये इंग्रजांनी नबाब वाजिद अली शाह यांचे राज्य खालसा केले. तरी गाणे, नृत्य, उर्दू शायरी आणि अदबीचे बोलणे या गोष्टी त्या शहराने सोडल्या नाहीत. मराठी माणसाला लखनौविषयी आपुलकी वाटावी असे एक कारणही आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १९२६ साली येथे संगीताचे महाविद्यालय स्थापन झाले आणि पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्या वर्षी याच शहरात न्यायालयात मुनशीचे काम करणाऱ्या वाहिद अली यांचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचे नाव नौशाद. त्याचा जन्म २५ डिसेंबर १९१९ चा. या मुलाचे संगीतशिक्षण मात्र मुख्यतः जत्रेत, वाद्यांच्या दुकानात आणि चित्रपटगृहाच्या अंधारात व्हायचे होते.

लखनौपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, बाराबंकी जिल्ह्यात, देवा शरीफ येथे हाजी वारिस अली शाह यांचा दर्गा आहे. तेथे दरवर्षी मोठी जत्रा भरते. दूरदूरचे कव्वाल आणि गायक-वादक त्या जत्रेत हजेरी लावत. लहानगा नौशाद तेथे गेला की तासन् तास ऐकत बसे. घरी परत आला की मात्र त्याविषयी फारसे बोलण्याची सोय नव्हती. वडील धर्मनिष्ठ होते. गाणेबजावणे हे आपल्या घराला शोभणारे नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्या काळातील कितीतरी घरांत, हिंदू असोत वा मुसलमान, हीच समजूत होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

अशा मुलाला चित्रपटाचे वेड लागले. तो काळ मूकपटांचा होता. पडद्यावर माणसे हलत, हसत, लढत. पण आवाज मात्र उमटत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी चित्रपटगृहाचे मालक वादकांचा ताफा नेमत. तबला, हार्मोनियम, सतार, व्हायोलिन अशी वाद्ये घेऊन ही मंडळी पडद्याच्या पुढ्यात बसत आणि चित्रपट चालू असताना वाजवत. लखनौच्या रॉयल चित्रपटगृहात या ताफ्याचे प्रमुख होते लड्डन खाँ. त्यांची कामाची पद्धत ऐकण्याजोगी आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी वादक आधी तो चित्रपट एकदा पाहून घेत. कोणत्या प्रसंगी काय वाजवायचे, कोणता सूर धरायचा, याची टिपणे करत. मग संध्याकाळी प्रेक्षकांसमोर पडद्यावरील दृश्य आणि हातातील वाद्य यांची सांगड घातली जाई. विरहाचा प्रसंग आला की सूर मंदावत, पाठलाग सुरू झाला की तबल्याची लय वाढे.

इतर प्रेक्षक पडदा पाहत होते. नौशाद पडदाही पाहत होता आणि वादकांचे हातही. तेच दृश्य वाद्ये थांबल्यावर कसे कोरडे वाटते आणि एका सुराने कसे भरून येते, हे त्याच्या ध्यानात येऊ लागले. पुढे पार्श्वसंगीत या नावाने ज्या कलेत त्यांनी इतके मोठे काम केले, तिचा पहिला धडा हा असा तिकीट काढून घेतलेला होता.

दिवसा हा मुलगा वाद्यांच्या एका दुकानात काम करी. हार्मोनियमची दुरुस्ती करता करता तो ती वाजवायलाही शिकला. उस्ताद गुरबत अली, उस्ताद युसुफ अली, उस्ताद बब्बन साहेब यांच्यासारख्या जाणकारांकडून त्याने शास्त्रीय संगीताचे धडे घेतले. बरोबरीच्या मुलांना जमवून एक वाद्यमंडळीही काढली. तिचे नाव होते विंडसर! हा शब्द कोठेतरी पाहिलेला, कानाला गोड वाटला, एवढेच त्याचे कारण. एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर तो राजस्थान-गुजरातकडे गेला. या फिरतीत त्याला गावोगावची लोकगीते ऐकायला मिळाली. परंतु मंडळीचे नशीब काही फळफळले नाही. गुजरातमधील वीरमगाम येथे तर सामान आणि वाद्ये विकूनही पोट भरेना. शेवटी एका स्नेह्याच्या मदतीने तो लखनौला परतला.

१९३१ मध्ये 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट आला. रॉयल चित्रपटगृहही बोलू लागले. पडदा स्वतःच गाऊ लागल्यावर त्याच्यासमोर बसून वाजवणाऱ्यांची गरज उरली नाही. ज्या वादकांनी मूकपटांना वर्षानुवर्षे आवाज दिला, त्यांच्यापैकी अनेकांचे काम देशभर असेच गेले. नव्या यंत्राचे कौतुक करताना या माणसांची आठवण सहसा कोणी काढत नाही. नौशादच्या दृष्टीने मात्र एक दार बंद होऊन दुसरे उघडले होते. आता संगीत चित्रपटगृहात तयार होणार नव्हते. ते मुंबई-कलकत्त्याच्या स्टुडिओत तयार होणार होते.

घरातील कलह एव्हाना वाढला होता. अखेर वडिलांनी निर्वाणीचे सांगितले की, या घरात राहायचे असेल तर संगीत सोडावे लागेल. घर की संगीत, असा प्रश्न सतरा-अठरा वर्षांच्या मुलासमोर उभा राहिला. १९३७ च्या अखेरीस त्याने घर सोडले आणि मुंबई गाठली.

मुंबईत आरंभी कुलाब्याला लखनौच्या एका परिचिताकडे आसरा मिळाला. त्यानंतर नौशाद दादरला आले. तेथे ब्रॉडवे नावाचे चित्रपटगृह होते. त्याच्या समोरच्या पदपथावर ते रात्री झोपत. उस्ताद झंडे खाँ या नामवंत संगीतकारांकडे त्यांना महिना ४० रुपये पगारावर साहाय्यकाचे काम मिळाले. पुढे मुश्ताक हुसेन यांच्या वाद्यवृंदात ते पियानो वाजवू लागले. त्यानंतर रणजित स्टुडिओत खेमचंद प्रकाश यांनी त्यांना ६० रुपयांवर हाताखाली घेतले. नौशाद त्यांना जन्मभर गुरू मानत आले. गीतकार दीनानाथ मधोक यांनीही निर्मात्यांकडे त्यांच्याविषयी शब्द टाकला.

१९४० च्या 'प्रेमनगर' या चित्रपटाची कथा कच्छमधील होती. नौशाद यांनी चाली बांधण्यापूर्वी त्या भागातील लोकसंगीताचा अभ्यास केला. पडद्यावर जी माती दिसते तिचाच सूर ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह येथपासून दिसतो. १९४२ मध्ये 'शारदा' आला; त्यात सुरैया हिचा तेरा वर्षांचा कोवळा आवाज त्यांनी वापरला. १९४४ च्या 'रतन'ने तर देशभर धूम केली. गल्लीबोळांत आणि लग्नमांडवांत त्याची गाणी वाजू लागली.

याच सुमारास घडलेली एक हकिकत नौशाद स्वतः हसत हसत सांगत. त्यांचे लग्न ठरले. मुलगा मुंबईत चित्रपटांना संगीत देतो असे सांगितले तर मुलगी कोण देणार? म्हणून घरच्यांनी तो शिंपीकाम करतो असे सांगून टाकले. वरात निघाली आणि बँडवाल्यांनी 'रतन'मधील चाली वाजवायला सुरुवात केली. वडील आणि सासरे, दोघेही असली गाणी रचून पोरांना बिघडवणाऱ्या त्या संगीतकाराला नावे ठेवू लागले. नवरदेव निमूटपणे ऐकत होता. प्रसंग विनोदी आहे खरा. पण देश ज्याची गाणी गात होता त्याला आपले काम घरच्यांपासून लपवावे लागत होते, ही गोष्ट काही हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

१९५२ साली दोन अगदी भिन्न स्वभावाचे चित्रपट त्यांच्या संगीताने सजले. 'आन' हा मेहबूब खान यांचा भव्य रंगीत चित्रपट. त्यासाठी नौशाद यांनी शंभर वादकांचा वाद्यवृंद जमवला. दुसरा 'बैजू बावरा'. विजय भट्ट यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा कणाच शास्त्रीय संगीत हा होता. रागदारीने सामान्य प्रेक्षक कंटाळतील, अशी शंका त्या काळी चित्रपट व्यवसायात घेतली जाई. नौशाद यांनी तिला भीक घातली नाही. तानसेन आणि बैजू यांच्या सामन्यासाठी त्यांनी उस्ताद अमीर खाँ आणि पंडित दत्तात्रेय विष्णु पलुसकर या दोन थोर गायकांना ध्वनिमुद्रणासाठी आणले. तानसेनाचा आवाज अमीर खाँचा, बैजूचा पलुसकरांचा. पलुसकर १९५५ मध्ये अकाली निवर्तले. आज त्यांचा आवाज अनेकांना प्रथम भेटतो तो याच चित्रपटातून. यातील मालकंस रागातील भजनही विसरता येत नाही. ते शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी स्वरबद्ध केले आणि मोहम्मद रफी यांनी गायिले. तिघेही मुसलमान, आणि त्यांच्या कलेने सजलेले भजन देशातील देवळांतून ऐकू येऊ लागले.

'बैजू बावरा'चा पहिला खेळ दादरच्या त्याच ब्रॉडवे चित्रपटगृहात झाला. नौशाद यांचे लक्ष समोरच्या पदपथाकडे गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. रस्त्याच्या त्या बाजूपासून या बाजूला यायला त्यांना पंधरा वर्षे लागली होती. या चित्रपटाच्या संगीताला १९५४ साली फिल्मफेअरचा पहिला संगीत पुरस्कार मिळाला.

नौशाद यांना नवे काही करून पाहण्याची हौस भारी. १९५५ च्या 'उडन खटोला'तील एका गाण्यात त्यांनी वाद्ये वापरलीच नाहीत. समूहाच्या गुणगुणण्याचीच साथ ठेवली. के. आसिफ यांच्या 'मुगल-ए-आझम'च्या वेळी शीशमहालातील गाण्यासाठी आवाज घुमायला हवा होता. आज यंत्रावर बोट ठेवले की हे काम होते. नौशाद यांनी लता मंगेशकर यांना स्टुडिओच्या स्नानगृहात उभे करून गाऊन घेतले! याच चित्रपटातील एका समूहगीतासाठी शंभर गायकांचा ताफा उभा केला. तानसेनाच्या गायनासाठी आसिफ यांना उस्ताद बडे गुलाम अली खाँच हवे होते. खाँसाहेबांना चित्रपटात गायचे नव्हते. समोरचा माणूस आपणहून परत जाईल, या हिशेबाने त्यांनी एका गाण्याचे २५,००० रुपये सांगितले. लता मंगेशकर आणि रफी यांच्यासारख्यांना तेव्हा एका गाण्यामागे काही शे रुपये मिळत. आसिफ यांनी ती रक्कम तत्काळ मान्य केली, आणि खाँसाहेबांना गावे लागले. हा चित्रपट १९६० मध्ये प्रदर्शित झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'गंगा जमना'त अवधकडील बोली पडद्यावर आली, आणि नौशाद यांच्या चालींना लहानपणी ऐकलेल्या लोकसंगीताचा आधार मिळाला.

एवढ्या दीर्घ कारकिर्दीत त्यांनी जेमतेम पासष्ट-सदुसष्ट चित्रपटांना संगीत दिले. त्यांच्या काळातील इतर यशस्वी संगीतकारांशी तुलना करता ही संख्या फार लहान आहे. ते एका वेळी थोडेच काम घेत आणि त्यावर महिनोन् महिने खर्च करत. १९७० नंतर चित्रपटसंगीताची आवड पालटली आणि त्यांना कामे कमी मिळू लागली. तरी त्यांनी आपला घाट बदलला नाही. हा त्यांचा हट्ट होता असेही म्हणता येईल. पण त्या हट्टाशिवाय 'बैजू बावरा' झाला नसता. दादासाहेब फाळके पुरस्कार आणि १९९२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. ते उर्दूत शायरीही करत. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव आहे 'आठवाँ सुर'.

२००४ मध्ये 'मुगल-ए-आझम' संपूर्ण रंगीत स्वरूपात पुन्हा प्रदर्शित करण्यात आला. नव्या ध्वनियंत्रणेसाठी गायकांचे मूळ आवाज तसेच ठेवून वाद्यांचा भाग नव्याने वाजवून घेण्यात आला. हे काम संगीतकार उत्तम सिंग यांच्या सोबतीने आणि नौशाद यांच्या देखरेखीखाली झाले. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. लखनौच्या लड्डन खाँप्रमाणे आता त्यांच्यापुढेही आधीच तयार असलेला चित्रपट होता, आणि कोठे कोणता सूर बसतो हे पाहायचे होते. २००५ मध्ये त्यांच्या संगीताने नटलेला ताजमहालाविषयीचा चित्रपट आला; तो त्यांचा शेवटचा. ५ मे २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.