पंडिता रमाबाई व मुलांची बाग

पंडिता रमाबाईंचें नांव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाहीं? दुष्काळांतून वांचविलेल्या मुलींची माता, केडगांवच्या मुक्तिसदनाची संस्थापिका, मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करणारी विदुषी, अशी त्यांची ख्याति आहे. परंतु लहान मुलांस खेळांतून व हातांच्या कामांतून शिकविण्याच्या पद्धतीसाठींहि त्यांनीं श्रम केले, ही गोष्ट थोड्यांसच माहीत असते. म्हणून त्यांच्या चरित्रांतील तेवढाच धागा आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, म्हणून शास्त्रीमंडळींचा त्यांजवर रोष झाला होता. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हां शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते. यास्तव मुलीस शिकविण्याचें काम आई लक्ष्मीबाई यांजकडे आलें. कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरत असे व दिवसा आईस कामांतून सवड नसे. ती भल्या पहाटे, पांखरें जागीं होण्याच्या वेळीं, झोंपलेल्या मुलीस जवळ घेऊन गोड शब्दांनीं उठवी व श्लोक म्हणवून घेई. कानानें ऐकावें व मुखानें म्हणावें, एवढीच शाळा. अशा रीतीनें हजारों श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. पुढें दुष्काळांत आईबाप व वडील बहीण अन्नावांचून मरण पावलीं. भाऊ श्रीनिवास यांसह देशभर पायीं फिरत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या, तेव्हां तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पाठांतराच्या विद्येला याहून उत्तम फळ कोठें लागलें असेल? आणि त्याच बाईंनीं लहान मुलांसाठीं निराळी वाट धरली, हें विशेष होय.

१८८० सालीं त्यांचा विवाह बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं झाला. पण १८८२ सालीं पति पटकीनें वारले आणि रमाबाई तान्ह्या मनोरमेस घेऊन पुण्यास आल्या. पुढील वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या व तेथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. तेथील शाळा पाहतां पाहतां त्यांनीं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, पाहिली.

ही पद्धति फ्रोबेल नांवाच्या जर्मन शिक्षकानें काढली. तो पाळकाचा मुलगा. वर्षाचा होण्यापूर्वींच त्याची आई वारली होती. १८४० सालीं त्यानें आपल्या बालशाळेस हें नांव दिलें. मूल हें रोपटें व शिक्षक हा माळी, अशी त्याची कल्पना. तेथें आरंभीं पुस्तक नसे. मुलांच्या हातीं दोरीस बांधलेले लोकरीचे सहा रंगीत चेंडू देत; मग लांकडाचा गोळा, चौकोनी ठोकळा व लाटण्यासारखा गोल तुकडा; नंतर एका ठोकळ्याचे आठ लहान ठोकळे. ते जुळवून मूल घर बांधी आणि न कळत अर्धें, पाव व मोजणी शिके. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचें विणकाम, मातीचीं फळें व भांडीं हींहि असत. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें या शाळांस बंदी केली व पुढच्याच वर्षीं फ्रोबेल मरण पावला. तरी बीं दूरवर जाऊन उगवलें.

रमाबाईंनीं नुसतें पाहून समाधान मानिलें नाहीं. पंडितांच्या सभेंत मान मिळविलेल्या या बाई अठ्ठाविसाव्या वर्षीं बालशिक्षकांच्या वर्गांत विद्यार्थिनी होऊन बसल्या.

१८८९ च्या मार्चांत त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व १८९० सालीं तें पुण्यास आणिलें. तेथें विधवा मुलींस इतर विषयांबरोबर किंडरगार्टनचेंहि शिक्षण मिळे. त्या काळीं विधवेचें दर्शन अशुभ मानीत. मंगल कार्यांत तिला स्थान नसे. तीच बालशिक्षिका झाली म्हणजे तिला स्वकष्टाचें अन्न मिळे व तिच्याभोंवतीं मुलें जमत. शिवाय सदनांतील कित्येक विधवा स्वतःच बालिका होत्या. त्यांचें खेळण्याचें वय लग्न व वैधव्य यांत हरपलें होतें. १८९३ सालीं मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. सल्लागारांनीं संबंध सोडला व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. तरी सदन बंद पडलें नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत बाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों मुली आणिल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध पडल्यामुळें त्यांस केडगांवच्या शेतावर ठेविलें. लहानग्यांसाठीं तेथेंहि किंडरगार्टन चाललें. मोठ्या मुली शेती, विणकाम व छापखान्याचें काम शिकल्या. मनोरमाबाईंनीं ब्रेल लिपि शिकून घेतली व आंधळ्या मुली बोटांनीं वाचूं लागल्या. जे हात रिकामे होते त्यांत आधीं भाकरी, मग काम व मग पुस्तक आलें.

मनोरमाबाई १९२१ सालीं वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं पंडिताबाईहि प्रभूमध्यें निद्रिस्त झाल्या.

खेड्यांतील शिक्षकबंधूंनो, परदेशी चेंडू व ठोकळे आपणांजवळ नसले तर नसोत. ओढ्याची माती, चिंचोके, ज्वारीचीं धाटें, पळसाचीं पानें हीं फुकट मिळतात. जें मूल चिंचोके पांच पांच मांडून मोजील, तें पांचाचा पाढा समजून म्हणेल. पाठांतर टाकावें असें नव्हे. स्वतः बाई पाठांतरावरच वाढल्या. परंतु त्यांचें पाठांतर गोड झालें तें पहाटेच्या त्या आईच्या कुशीमुळें. ज्यांस ती कूस लाभली नाहीं, त्यांच्यासाठीं बाईंनीं ही बाग लाविली.