चवदार तळे आणि नगरपालिकेचा ठराव

नया नगरमध्ये नळाला पाणी आले नाही किंवा गटार तुंबले की लोक महापालिकेच्या नावाने बोटे मोडतात. पण महापालिकेला अधिकार कोण देतो आणि ते काढून कोण घेतो, हे विचारणारा क्वचितच भेटतो. हा प्रश्न विचारणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचे शिल्पकार म्हणून घराघरात आहेत. नगरपालिकेच्या तळ्यासाठी दहा वर्षे कोर्टात झगडलेले बॅरिस्टर आंबेडकर मात्र आपण विसरत चाललो आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावायची बंदी होती. सार्वजनिक पाणी कोणाचे, हा प्रश्न त्यांना बालपणीच भेटला. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून १९२३ मध्ये ते मुंबईत परतले व वकिली सुरू केली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सरकारी पैशाने चालणारी किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांची पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे पाणी भरता आले नाही!

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सनातन्यांनी हल्ला केला. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. एका बैठकीत दिलेला हक्क दुसऱ्या बैठकीत काढून घेतला गेला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला, पण खटला सोडला नाही. महाडच्या कोर्टातून तो ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आणि तिथून उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला : तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची पुरातन रूढी सिद्ध होत नाही. रूढी हरली, कायदा जिंकला.

या लढ्याच्या काळातच, १९३२ मध्ये, ग्रामपंचायत विधेयक विधिमंडळात आले. राखीव प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतीच्या हाती सत्ता आणि न्यायदान देण्यास बाबासाहेबांनी विरोध केला. ते स्थानिक स्वराज्याचे शत्रू होते काय? मुळीच नाही. ज्या पंचायतीत आपला माणूस नाही, ती पंचायत म्हणजे गावच्या पाटलाचीच सत्ता, हे महाडच्या अनुभवातून ते ओळखून होते. घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये पंचायतींविषयीची दुरुस्ती त्यांनी स्वीकारली. तिचे अनुच्छेद ४० झाले. पण ते केवळ मार्गदर्शक तत्त्व. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हाही नगरपालिका राज्य सरकारच्या मर्जीवरच होत्या.

१ जून १९९३ पासून ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. राखीव जागा आणि पाच वर्षांची मुदत घटनेत आली. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे अनुच्छेद २४३-यू सांगते. अधिकार किती द्यायचे हे मात्र राज्याच्या विधिमंडळावरच राहिले. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ मध्ये झाली, महापालिका २००२ मध्ये. २०२२ मध्ये मुदत संपली, तेव्हा निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. घटनेतले कलमही महाडच्या ठरावासारखे कागदावर राहू शकते, याचा हा पुरावा.

तेव्हा बांधवांनो, चवदार तळ्याला दरवर्षी अभिवादन करताना आपल्या प्रभागाचा अर्थसंकल्पही मागा. सभेचे ठराव वाचा, इतिवृत्ताची नक्कल माहितीच्या अधिकारात घ्या. बाबासाहेबांनी पाणी पिऊन दाखवले आणि कोर्टात दहा वर्षे हक्कही सिद्ध केला. दुसरे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते आपल्यावर सोपवले आहे.

जयभीम!