बोटीच्या कंपनीतून थेट वॉशिंग्टनला : गगनविहारी मेहतांची गोष्ट

ऑगस्ट १९५५. अमेरिकेतल्या ह्यूस्टन विमानतळावर भारताचे राजदूत उतरले आणि आपल्या सचिवाला घेऊन तिथल्या हॉटेलात जेवायला गेले. पण त्यांना तिथून हलवून बाजूच्या वेगळ्या खोलीत बसवण्यात आलं. कारण एकच, कातडीचा रंग. गोऱ्यांच्या पंगतीला दुसरं कुणी नको, अशी त्या भागातली तेव्हाची रीत होती.

हे राजदूत म्हणजे गगनविहारी लल्लूभाई मेहता. माणूस मूळचा सरकारी नोकरीतला नव्हे, धंद्यातला.

जन्म १९०० चा. घराणं गुजराती, पण कारभार मुंबईचा. वडील लल्लूभाई सामळदास. आज आपण जिला शिखर बँक म्हणतो, ती राज्य सहकारी बँक १९११ साली मुंबईत उभी राहिली, त्यात सर विठ्ठलदास ठाकरसींबरोबर त्यांचाही पुढाकार होता. थोरले भाऊ वैकुंठभाई यांनी ती बँक कितीतरी वर्षं सांभाळली. पुण्यातली सहकाराचं शिक्षण देणारी संस्था त्यांच्याच नावाची आहे. गावच्या सोसायटीतून पीककर्ज घेणाऱ्याचाही या घराशी असा आडवळणाने संबंध येतोच.

गगनविहारी लंडनला शिकून आले, काही काळ ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रात होते, मग सिंदिया कंपनीत गेले. ही कंपनी १९१९ ची. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि लल्लूभाई यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ बोट घेतली. ती ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. म्हणून तर त्या दिवशी राष्ट्रीय सागरी दिन असतो. समुद्र आपला, माल आपला, पण वाहतूक इंग्रज कंपन्यांच्या हातात. त्यांनी भाडं पाडून सिंदियाला बुडवायचा घाट घातला. १९२३ च्या करारात तर सिंदियाला फक्त किनाऱ्याकिनाऱ्याने माल न्यायची मुभा उरली. ही लढाई गगनविहारींनी कलकत्ता कचेरीत बसून १९२८ ते १९४७ अशी जवळपास वीस वर्षं लढली. १९४२ मध्ये ते व्यापाऱ्यांच्या ‘फिक्की’ या देशपातळीवरच्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

स्वातंत्र्यानंतर ते टॅरिफ बोर्डावर गेले आणि १९५० मध्ये पहिल्या नियोजन आयोगावर, आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या बरोबरीने. १९५२ ला नेहरूंनी त्यांना वॉशिंग्टनला पाठवलं.

काम नाजूक होतं. भारत कुठल्याच गटात जायला तयार नाही, याचा अमेरिकेला राग. १९५४ मध्ये त्यांनी पाकिस्तानला शस्त्रं द्यायचं ठरवलं, इकडे दिल्ली संतापली. आणि त्याच अमेरिकेकडे धान्य अन् कर्जही मागायचं होतं. १९५६ ला पीएल-४८० चा पहिला करार झाला तेव्हा राजदूत मेहताच होते. रेशनवरचा अमेरिकन गहू घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, तो याच कायद्याखाली यायचा.

ह्यूस्टनचा अपमान याच काळातला. बातमी फुटली तशी धावपळ झाली. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी माफी मागितली, ह्यूस्टनच्या महापौरांनीही. मेहतांनी प्रकरण ताणलं नाही. आयुष्यभर इंग्रज कंपन्यांशी बरोबरीसाठी भांडलेल्या माणसाला ते सोपं गेलं नसणार. पण ज्याच्या दारात धान्य मागायला उभं राहायचंय, त्याच्याशी अंगणात भांडण काढणं परवडणारं नव्हतं. तिथल्या काळ्या लोकांना मात्र कुणाची माफी मिळत नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत.

१९५८ मध्ये मेहता परतले, त्यांच्या जागी न्यायमूर्ती छागला गेले. पुढच्याच वर्षी पद्मविभूषण मिळालं. मुंबईत ते आयसीआयसीआयचे अध्यक्ष झाले. तेव्हा ती बँक नव्हती, कारखान्यांना कर्ज देणारी संस्था होती. साकीनाका, अंधेरी, ठाणे या पट्ट्यात कारखाने वाढत होते ते हेच दिवस. यंत्रं बाहेरून आणायला परकीय चलन लागायचं, आणि खासगी कारखानदाराला ते कर्जाऊ देणं हे या संस्थेचं मुख्य काम.

एवढ्या व्यापात हा माणूस गुजराती आणि इंग्रजीत विनोदी लेखही लिहायचा. १९७४ मध्ये ते गेले.