इंटेल की एएमडी? भांडणाआधी रॉबर्ट नॉइस यांची गोष्ट वाचा

गेल्या दिवाळीत माझं आणि माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं. कारण ऐकाल तर हसाल. प्रोसेसर!

माझा पीसी जुना. रायझन ५ २६०० आणि बी४५० मदरबोर्ड. नवीन गेम्स अडखळायला लागल्या होत्या. रविवारच्या शिकवण्या घेऊन सहा महिन्यांत अठरा हजार रुपये साठवले होते. मित्र म्हणजे पक्का इंटेलवाला. त्याचं म्हणणं एकच, सगळं विकून टाक आणि इंटेलचा सेट घे. मी एएमडीवाला. शब्दाने शब्द वाढला आणि विषय प्रोसेसरवरून एकमेकांच्या अकलेवर गेला.

मग मी ठरवलं, इंटेलचा सगळा इतिहास वाचायचा आणि त्याला गप्प करायचं. वाचत गेलो आणि गप्प मीच झालो. कारण या दोन्ही कंपन्यांच्या सुरुवातीला एकच माणूस उभा दिसला. त्याचीच ही गोष्ट.

छपरावरून उडी मारणारा मुलगा

रॉबर्ट नॉइस यांचा जन्म १२ डिसेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. चार भावांत हे तिसरे. घरात पैसा बेताचा, पण डोकं सतत काहीतरी जोडण्या-तोडण्यात. बारा वर्षांचे असताना त्यांनी भावासोबत स्वतः बसता येईल एवढं ग्लायडर बनवलं आणि ग्रिनेल गावातल्या कॉलेजच्या तबेल्याच्या छपरावरून ते उडवून बघितलं!

पुढे ते त्याच ग्रिनेल कॉलेजात शिकले. तिथे एक प्रकरण घडलं. पार्टीसाठी त्यांनी एका मित्रासोबत जवळच्या शेतावरून डुक्कर चोरलं. आपल्याला गंमत वाटेल, पण शेतीवर जगणाऱ्या आयोवात जनावर चोरणं म्हणजे गंभीर गुन्हा. कॉलेजातून कायमचं नाव कटायची वेळ आली. ग्रँट गेल नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी त्यांची बाजू घेतली आणि शिक्षा एका सत्राच्या निलंबनावर आली.

याच गेल सरांनी बेल लॅब्जमध्ये नुकताच शोध लागलेला ट्रान्झिस्टर मिळवून वर्गात आणला होता. तेव्हा जगात फार थोड्या लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. विचार करा, सरांनी त्या वेळी हात झटकले असते तर?

आठ जणांचं बंड

१९५३ मध्ये एमआयटीतून पीएचडी झाल्यावर नॉइस काही वर्षं फिल्को कंपनीत होते. १९५६ मध्ये ते कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली यांच्याकडे गेले. शॉकली म्हणजे ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी एक, त्याच वर्षी नोबेल मिळालेले. माणूस हुशार, पण हाताखालच्या लोकांवर सतत संशय. शेवटी १९५७ मध्ये आठ तरुणांनी एकदम नोकरी सोडली आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू केली. नॉइस या आठांत सगळ्यात शेवटी सामील झाले, पण पुढारी तेच ठरले.

आपल्या खिशातल्या फोनचा खरा धागा इथून सुरू होतो. तेव्हा ट्रान्झिस्टर सुटे सुटे बनायचे आणि तारांनी हाताने जोडावे लागायचे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये एकाच तुकड्यावर पूर्ण सर्किट करून दाखवलं, पण त्यातही जोडणीच्या तारा वर लोंबत होत्या. फेअरचाइल्डमधले जाँ होअर्नी यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर ठेवून सपाट ट्रान्झिस्टर बनवायची पद्धत काढली. जानेवारी १९५९ मध्ये नॉइस यांनी पुढची पायरी लिहून ठेवली. त्या थरावरच धातूच्या बारीक रेषा काढायच्या, म्हणजे जोडणी चिपवरच होईल. यामुळे चिप मोठ्या संख्येने छापल्यासारखी बनवणं शक्य झालं.

एक इंटेल, एक एएमडी

१९६८ मध्ये नॉइस आणि गॉर्डन मूर फेअरचाइल्ड सोडून बाहेर पडले आणि इंटेल सुरू केली. त्यांचं नाव एवढं मोठं होतं की आर्थर रॉक यांनी २५ लाख डॉलर भराभर उभे करून दिले.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, फेअरचाइल्डमधल्याच विक्री विभागाच्या जेरी सँडर्स यांनी एएमडी काढली. त्यांना मात्र पैशासाठी दारोदार फिरावं लागलं. आणि त्यांच्या सुरुवातीच्या गुंतवणूकदारांत कोण होतं? रॉबर्ट नॉइस! म्हणजे इंटेलच्या संस्थापकाने स्वतःचा पैसा एएमडीत घातला होता. हे वाचलं आणि मी फोन बाजूला ठेवून दोन मिनिटं नुसता बसलो.

१९७१ मध्ये इंटेलचा ४००४ आला. एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या ऑर्डरमधून जन्मलेला मायक्रोप्रोसेसर, ट्रान्झिस्टर साधारण २,३००. टेड हॉफ यांची ती कल्पना सुरुवातीला वेगळीच वाटत होती, पण नॉइस यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. ऑफिसात साहेबांसाठी राखीव पार्किंग नाही, बंद केबिन नाही, अशी त्यांची पद्धत होती.

१९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला. पण एकाच कंपनीवर अवलंबून राहायची आयबीएमची तयारी नव्हती. म्हणून १९८२ च्या करारानुसार एएमडीलाही त्याच घराण्याचे प्रोसेसर बनवायचा हक्क मिळाला. पुढे याच करारावरून दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या आणि वाद १९९५ पर्यंत चालला. तरी मूळ भाषा एकच राहिली. म्हणूनच आज विंडोज आणि गेम दोन्हींवर तेच चालतात. २००३ मध्ये एएमडीने याच भाषेची ६४ बिटची आवृत्ती आणली, ती नंतर इंटेलनेही घेतली.

शेवटची नोकरी

१९८० च्या दशकात जपानी मेमरी चिप्सनी अमेरिकन कंपन्यांना घाम फोडला. तेव्हा सरकार आणि चौदा कंपन्यांनी मिळून सेमाटेक ही संस्था काढली. त्यात इंटेलही होती आणि एएमडीही. १९८८ मध्ये नॉइस तिचे प्रमुख झाले. पैसा, मान सगळं मिळालेलं असताना साठीत घर सोडून ते टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेले, आपसात भांडणाऱ्यांना एका टेबलावर बसवायला.

३ जून १९९० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय फक्त ६२. दहा वर्षांनी जॅक किल्बी यांना नोबेल मिळालं. नोबेल हयात व्यक्तींनाच देतात, त्यामुळे नॉइस यांचं नाव त्या यादीत नाही.

मग मी काय घेतलं?

ज्या माणसाने इंटेल उभी केली त्यालाच एएमडीचं वावडं नव्हतं. मग मी आणि माझा मित्र कुणासाठी भांडत होतो? मी त्याला फोन केला. आम्ही दोघांनी लोगो विसरून कागदावर चारच गोष्टी तपासल्या :

१. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर आहे का? असेल तर प्रोसेसर बदलून फारसा फरक पडणार नाही. माझं ५०-६० टक्क्यांवर होतं, म्हणजे अडचण प्रोसेसरचीच.

२. हातातल्या बोर्डचं सॉकेट कोणतं? माझं एएम४, त्याचं एलजीए १७००.

३. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत कोणते प्रोसेसर चालतात आणि त्यासाठी कोणतं बायोस लागतं? नवा प्रोसेसर बसवण्याआधी बायोस अपडेट करायचं, नंतर नाही.

४. एकूण खर्च किती? एएम५ घेतलं तर बोर्डासोबत डीडीआर५ रॅमही घ्यावीच लागते.

उत्तर समोर होतं. मी त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि उरलेल्या पैशांत एसएसडी आली. मित्राकडे कोअर आय३-१२१००एफ होता, त्याने त्याच्याच बोर्डावर आय५-१३४००एफ टाकला. तो इंटेलवरच राहिला, मी एएमडीवरच. दोघांचाही निर्णय बरोबर, कारण दोघांनी आपापला बोर्ड बघून घेतला.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या अपग्रेडच्या वेळी आधी कॅबिनेट उघडा आणि बोर्डाचं नाव वाचा. कंपनीसाठी मैत्री मोडू नका. नॉइस यांनी तर स्पर्धकाला पैसे दिले होते!