शेख सादी : न कोमेजणारी फुलबाग



आपल्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा जुन्या मकतबात शिकले, त्यांच्या घरी ‘गुलिस्ताँ’ आणि ‘बोस्ताँ’ ही नावे बहुधा ऐकली गेली असतील. फारसी शिकणाऱ्या मुलाच्या हाती हीच पुस्तके पडत. मुसलमानच नव्हे, तर हिंदू मुन्शी व कायस्थ कुटुंबांतील मुलेही कित्येक पिढ्या त्यांच्यावरच वाढली. पण ज्याने ती लिहिली त्या थोर पुरुषाचे जीवन आपल्याला कितपत ठाऊक आहे?

शेख सादी यांचा जन्म १२१० च्या सुमारास इराणातील शिराज शहरी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. ‘बोस्ताँ’मध्ये त्यांनी बालपणीची एक आठवण सांगितली आहे. ईदच्या दिवशी वडिलांचे बोट धरून ते बाहेर पडले. वाटेत खेळात मन रमले, गर्दीत वडील दिसेनासे झाले आणि मुलाने रडू मांडले. तेवढ्यात वडिलांनी येऊन कान पकडला आणि माझा अंगरखा सोडू नकोस असे बजावले नव्हते काय, म्हणून दटावले. यातून सादी बोध काढतात की, दीनाच्या वाटेवर माणूस हा असाच अजाण बालक असतो. त्याने सज्जनांचा पदर सोडू नये. परंतु वाचकहो, हा बोध मनात ठसतो तो त्या रडणाऱ्या मुलामुळे. पुढे ते वडीलही राहिले नाहीत, हे आठवले की डोळे पाणावतात. अनाथ मुलापुढे आपल्या मुलाला कुरवाळू नये, असे याच ग्रंथात सादी कळवळून सांगतात, ते या दुःखातूनच.

पुढील शिक्षणासाठी ते बगदादच्या प्रसिद्ध निजामिया मदरशात गेले. नंतर पुष्कळ वर्षे त्यांनी प्रवासात घालविली. या प्रवासाच्या काही हकिकती इतिहासाला धरून नाहीत, असे अभ्यासक म्हणतात. आपणही गोष्ट आणि इतिहास यांची गल्लत करू नये. गोष्टीचे खरेपण वेगळे असते.

पन्नाशीच्या आसपास ते शिराजला परतले. १२५७ साली ‘बोस्ताँ’ आणि १२५८ साली ‘गुलिस्ताँ’ पूर्ण झाले. हे १२५८ साल नीट लक्षात ठेवा. त्याच वर्षी हुलागूच्या मंगोल फौजेने बगदाद उद्ध्वस्त केले, खलिफाला ठार मारले, असंख्य माणसे कापली आणि ग्रंथालयांची धूळधाण केली. ज्या नगरीत आपण शिकलो तिची ही दशा ऐकून सादींनी शोकगीते रचली. आणि त्याच वर्षी त्यांनी गोष्टींचे पुस्तकही जगाला दिले!

त्या पुस्तकाच्या जन्माची कथा प्रस्तावनेत आहे. वसंत ऋतूत एका बागेत त्यांचा मित्र घरी नेण्यासाठी ओटीभर फुले वेचीत होता. सादी त्याला म्हणाले की ही फुले चार दिवसांत कोमेजतील; मी तुला कधीही न कोमेजणारी बाग देईन. मित्राने फुले टाकून दिली, आणि गुलाबांचा बहर सरण्यापूर्वी पुस्तक तयार झाले. गुलिस्ताँ म्हणजे फुलांची बाग. त्यात आठ प्रकरणे असून एक खास शिक्षणावर आहे.

त्यातील दोन गोष्टी पाहा. पायात जोडा नाही, घ्यायला पैसा नाही, म्हणून खिन्न झालेले सादी कूफ्याच्या मशिदीत जातात. तेथे पायच नसलेला माणूस दिसतो आणि ते अल्लाहचे आभार मानतात. दुसऱ्या गोष्टीत लहान सादी रात्रभर वडिलांबरोबर इबादत करतात आणि भोवतालचे लोक मेल्यासारखे झोपले आहेत, अशी तक्रार करतात. वडील म्हणतात की, लोकांची निंदा करण्यापेक्षा तूही झोपला असतास तर बरे झाले असते. नमाजचा अहंकार धरू नये, हे तासभराच्या व्याख्यानाने पटणार नाही इतके या चार ओळींच्या गोष्टीने पटते.

सादींचा सुगंध आपल्या भूमीपर्यंतही पोहोचला. ‘हिंदुस्थानचे सादी’ म्हणून गौरविलेले दिल्लीचे कवी अमीर हसन सिज्जी यांची कबर दौलताबादजवळ खुलदाबाद येथे आहे. हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या मजलिशींतील बोल आणि कथा त्यांनीच लिहून ठेवल्या.

सादी १२९१-९२ च्या सुमारास शिराज येथेच अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या कबरीवर आजही लोक श्रद्धेने जातात.

पालकहो, मकतबातील ती फारसी आता आपल्या घरांतून गेली. पण भाषा गेली म्हणून गोष्टीही जाव्यात काय? बगदादची ग्रंथालये नष्ट झाली. तेथे निदान शत्रू तरी चालून आला होता. आपल्या घरातील बाग मात्र केवळ आपल्या मौनाने सुकेल. आजोबांनी फारसीत पाठ केलेली गोष्ट नातवाला मराठीत सांगता येते, उर्दूत सांगता येते. त्यासाठी पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटे पुरतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणी वडीलधारे असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि लहानपणी ऐकलेली एक तरी गोष्ट सांगायला लावा. त्यांचा पदर सोडू नका.