बाबासाहेबही खचले होते

आपण बाबासाहेबांचा संघर्ष सांगतो, त्यांचे दुःख मात्र सांगत नाही. बालपणीच आई भीमाबाई गेल्या. पुढे चार लेकरे गेली. १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला, तेव्हा ते पार कोसळले. २७ मे १९३५ ला माता रमाई गेल्या आणि ते विरक्तासारखे राहू लागले. तरी त्याच ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. उतारवयात मधुमेह आणि निद्रानाशाने गाठले. डॉ. माईसाहेबांकडून त्यांनी उपचार घेतले.

दुःख आहे, हे मान्य करणे हीच धम्माची पहिली पायरी. मग नैराश्याला आम्ही कमजोरी का म्हणतो? विहारात यावर बोलूया. गरज पडल्यास १४४१६ या मोफत टेली-मानस क्रमांकावर फोन करूया.

जय भीम!